मलेशियाच्या सहलीतून गावातला मुक्काम काढू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी कोथरूडला राहते आणि पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं भूगोल शिकवते आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरावीच्या अठरा मुलामुलींना मलेशियाला नेलं होतं. सहल आठ दिवसांची होती आणि त्यातल्या चार रात्री आम्ही एका मलय खेड्यात, गावकऱ्यांच्या घरी राहिलो. यंदाच्या सहलीची पालकसभा गेल्या शनिवारी झाली. तिथे या चार रात्री काढून टाकायचं जवळजवळ ठरलं. त्यांच्या जागी थीम पार्क, केबल कार आणि खरेदीसाठी मोकळा दिवस आला.

एका वडिलांनी विचारलं, ‘‘एवढे पैसे भरून पोरं खेड्यातच राहायची असतील तर आपलं मुळशी काय वाईट आहे?’’ सभा संपल्यावर एक आई माझ्याजवळ आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, ‘‘मॅडम, ती सगळी मुसलमानांचीच घरं असतात ना? मग खाण्यापिण्याचं कसं?’’ मला दोघांचाही राग आला नाही. मागच्या वर्षी जायच्या आधी हेच प्रश्न माझ्याही मनात होते. पण सभेत बोलायला पाच-सात मिनिटं मिळाली आणि जे सांगायचं तेच राहून गेलं. ते आपल्या दैनिकातून सांगते. पत्र लांबलं आहे, तरी शक्यतो कापू नये ही विनंती.

आमचं गाव सेलांगोर राज्याच्या वायव्य टोकाला, सबाक बर्नाम जिल्ह्यात होतं. मलाक्काच्या सामुद्रधुनीला लागून ताटासारखी सपाट जमीन, नजर पोचेल तिथवर पिवळं पडायला लागलेलं भात, आणि त्याला पाणी देणारे सरळ रेषेत आखलेले पाट. पाटाला तिथे ‘ताली आयर’ म्हणतात, म्हणजे पाण्याची दोरी. वर्षाला भाताची दोन पिकं या दोरीवर निघतात. ‘कालवा सिंचन’ हा धडा मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवला. तिथे पहिल्याच संध्याकाळी दोन मुलं कुणी न सांगता वहीत पाटांचा नकाशा काढत बसली होती.

‘होमस्टे’ या शब्दाला त्या देशात सरकारी अर्थ आहे. 1995 साली पहांग राज्यातल्या तेमर्लो भागात, देसा मुर्नी इथून ही योजना सुरू झाली. गावाची आणि घरांची पर्यटन मंत्रालयाकडे नोंद होते आणि पाहुण्याने यजमानांच्या कुटुंबाबरोबर, त्यांच्याच घरात राहायचं हा त्यातला मुख्य भाग. आपल्याकडे अलिबागला बंगला भाड्याने देऊन वर ‘होमस्टे’ची पाटी लावतात, तो प्रकार वेगळा.

गावच्या सभागृहात आमची वाटणी झाली. एका घरात दोन-तीन मुलं. दोन मुली आणि मी एका घरी गेलो. यजमान बाईंनी नाव सांगितलंच नाही. ‘‘मकचिक म्हणा,’’ एवढंच म्हणाल्या. मक म्हणजे आई आणि चिक म्हणजे धाकटी. आपण काकू, मावशी म्हणतो तशी ही हाक. त्यांचे यजमान पकचिक. भावंडांतली थोरली ती मक लोंग, मधली मक ङाह, शेंडेफळ असेल ती मक सू. आमच्याकडे गुहागरला थोरली काकी, मधली काकी, धाकटी काकी अशाच हाका होत्या. त्यांची खरी नावं मला मोठेपणी सातबाऱ्यावर वाचून कळली. आम्ही पाहुणे म्हणजे मकचिकच्या ‘आनाक अंकात’. आनाक म्हणजे मूल आणि अंकात म्हणजे उचलून घेतलेलं. मराठीत मी मुलींना ‘मानलेली लेक’ असं सांगितलं आणि त्यांना ते लगेच पटलं.

घर लाकडी, खांबांवर उभं. चपला खाली काढून पाच पायऱ्या चढायच्या. पुढे सेराम्बी, ती आपली ओटी. आतल्या मुख्य भागाला ‘रुमाह इबू’ म्हणतात. रुमाह म्हणजे घर, इबू म्हणजे आई. आपल्या माजघराला असं सुंदर नाव का पडलं नाही, असं मला वाटून गेलं. मागच्या बाजूला दोन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर, आणि आमचे चार दिवस बहुतेक तिथेच गेले.

आता खाण्यापिण्याबद्दल, कारण सभेत सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

माझ्याबरोबरच्या दोघींपैकी एक शनिवार पेठेतली, पूर्ण शाकाहारी. अंडंही चालत नाही. आम्ही तसं आधी कळवलं होतं. पहिल्या रात्री मकचिकनी तिच्यासाठी भात, कांगकुंगची भाजी आणि सांबाल केलं. कांगकुंग म्हणजे आपली नाळीची भाजी. सांबाल म्हणजे मिरचीची वाटलेली चटणी. पण तिच्यात बेलाचान असतं. बारीक कोळंबी आंबवून, वाळवून केलेला तो गोळा. त्यांच्या हिशेबी ते मीठ-हिंगासारखं, त्याला कुणी मासळीत धरतच नाही. मुलीला वासावरून कळलं. ती काही बोलली नाही, काकडी आणि कोरडा भात खाऊन उठली. मकचिक बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा मोटारसायकल काढून बाहेर गेला.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर शेगडीजवळ कोरी कढई होती. कडेला किमतीचं चिकट लेबल अजून तसंच. शेजारी नवं उलथणं. मकचिकनी अंगठ्याने कढई दाखवली (तर्जनी रोखणं तिथे उद्धटपणाचं मानतात) आणि म्हणाल्या, ‘‘बारू, बारू.’’ नवीन आहे, नवीन आहे. मग शाळेत जाणाऱ्या त्यांच्या मुलीने इंग्रजीतून आम्हाला समजावलं. ‘‘आई म्हणते, यात मासा कधी शिजलेला नाही आणि तुम्ही असेपर्यंत शिजणार नाही. ती स्वतः परगावी गेली की तिलाही विचारावं लागतं, हे हलाल आहे का, भांडं वेगळं आहे का. त्यामुळे तिला तुझी अडचण कळते.’’

त्या कढईत चार दिवस वांगी झाली, चवळीच्या शेंगा झाल्या, टोफू आणि तेम्पे झालं. तेम्पे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी. मूळची जावा बेटावरची. या जिल्ह्यात जावाहून येऊन स्थायिक झालेल्यांची वस्ती मोठी, म्हणून ती तिथे घरोघरी असते. शनिवार पेठेतल्या मुलीने तिसऱ्या दिवशी तेम्पे मागून घेतलं. सभेनंतर भेटलेल्या त्या आईंना मला हे सांगायचं होतं. चालतं काय आणि चालत नाही काय, याचा विचार त्या घरात आपल्यापेक्षा काकणभर जास्तच होतो, आणि न चालणाऱ्याला तिथे कुणी नावं ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मकचिक कुईह कोची करायला बसल्या. त्यासाठी नारळ खवायचा होता. त्यांनी कोपऱ्यातून ‘कुकुर’ ओढून आणला. लाकडाची बुटकी बैठक, तिच्या पुढच्या टोकाला दातेरी लोखंडी पातं. मी पाहतच राहिले. बैठकीचा घाट थोडा वेगळा, पण बाकी गुहागरची आमची खवणीच. मी ‘‘मला द्या’’ म्हटलं आणि बसले. नारळाची वाटी पात्यावर धरून मनगट फिरवायला लागले तेव्हा मकचिक एकदम मोठ्याने हसल्या आणि पकचिकना हाका मारायला लागल्या. परदेशातून आलेल्या शिक्षिकेला कुकुरवर बसता येतं, हे त्यांना शेजारणीला दाखवायचं होतं. शेजारणीही आल्या. त्यानंतर त्या घरात मी पाहुणी राहिले नाही.

कुईह कोची म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाच्या पारीत खोबरं आणि ताडगुळासारख्या काळपट गुळाचं सारण भरायचं, तेल लावलेल्या केळीच्या पानात त्रिकोणी गुंडाळायचं आणि वाफवायचं. सारण चुलीवर ढवळताना पांदानच्या पानाचा वास सुटला. आपल्या बासमतीत असतो त्याच जातीचा. सोबतच्या दुसऱ्या मुलीने, जिने पुण्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही असं तिची आई नेहमी सांगते, आजीला बघून लक्षात राहिलेल्या कळ्या त्या पिठाला पाडायला घेतल्या. पीठ चिकट, कळ्या काही धड उभ्या राहिनात. पण सहा-सात कळ्यांचा, नाक वाकडं झालेला एक मोदक तिने उभा केला. मकचिकनी तो तळहातावर घेतला आणि सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. मग मी हळदीच्या पानातल्या पातोळ्या कशा करतात ते हातवारे करून सांगत होते, तेवढ्यात त्या परसात गेल्या आणि हळदीची चार ताजी पानं तोडून घेऊन आल्या. त्या रेंदांगमध्ये, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेल्या मांसात, हे पान चिरून घालतात, त्यामुळे प्रत्येक परसात हळद. त्यांनी पानाची लांबी दाखवली, मी शिरेवरून दुमडून दाखवली. आम्ही तिथेच, सेलांगोरमध्ये, पातोळ्या वाफवल्या.

मासळीच्या आमटीत त्या आंबटपणासाठी वाळवलेल्या फळाच्या चकत्या घालत, त्याला ‘आसाम केपिंग’ म्हणतात. मी एक चकती जिभेवर ठेवली आणि आमसूल आठवलं. पुण्याला आल्यावर तपासलं तर ते फळ, आपला कोकम आणि मलेशियात गाडीगाडीवर मिळणारं मँगोस्टीन, तिन्ही गार्सिनिया या एकाच प्रजातीतली झाडं. भूगोलाच्या तासाला मी आता मोसमी वाऱ्यांचा धडा या तीन झाडांपासून सुरू करते.

पहाटे गावातल्या सुराऊमधून अजान यायची. सुराऊ म्हणजे लहान प्रार्थनागृह. दिवसाचे सगळे वायदे नमाजाच्या वेळांना धरून. मगरीबच्या सुमाराला, आपण ज्याला तिन्हीसांजा म्हणतो त्या वेळी, मकचिक दारात उभ्या राहून मुलांना आत बोलवायच्या. उंबऱ्यात बसू नका, बाहेर रेंगाळू नका. अंधार पडताना नको ते वारं फिरतं, असं त्यांच्याकडेही म्हणतात. आमच्या मुली पहिल्या दिवशी मोबाइल घेऊन पायरीवर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच मुली इतरांना ‘‘आत या, मगरीब झाली’’ म्हणून बोलवत होत्या.

रात्री ओटीवर मकचिकच्या मुलीने लहान लहान कापडी पुरचुंड्या काढल्या, आत तांदूळ भरलेले. पाच पुरचुंड्या. एक वर उडवायची आणि ती खाली येईपर्यंत जमिनीवरची एक उचलायची, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. त्याला ‘बातू सेरेम्बान’ म्हणतात. मला समजावून सांगायची गरज पडली नाही, मी सागरगोट्यांवर वाढलेली आहे. आमच्या मुलींना मात्र हा खेळ मलेशियात जाऊन कळला, आणि याची मला खंत वाटते.

भाषेचं तर किती सांगू. ‘अपा खाबार?’ म्हणजे काय खबर, कसे आहात. खुर्चीला केरुसी, साबणाला साबुन, अननसाला नानास. ती खबर आणि खुर्ची अरबांकडून दोघांकडे आली, अननस पोर्तुगीजांकडून. पण संस्कृतातून गेलेले शब्द मुलांनी मोजायला घेतले आणि वहीची दोन पानं भरली. नवरा सुआमी, बायको इस्तेरी, तोंड मुका, डोकं कपाला, काम कर्जा, किंमत हर्गा, गोष्ट चेरिता. बिचारा म्हणजे बोलणं, आपला ‘विचार’. धर्माला आगामा. पापाला दोसा. स्वर्गाला शुर्गा, नरकाला नराका. आणि रमजानच्या रोज्याला पुआसा, म्हणजे उपवास.

हा शेवटचा शब्द ऐकल्यावर आमचा एक मुलगा बराच वेळ गप्प होता. मलेशियाच्या राज्यघटनेच्या 160 व्या कलमात मलय म्हणजे कोण हे सांगितलं आहे. इस्लाम पाळणारी, नेहमीच्या व्यवहारात मलय भाषा बोलणारी आणि मलय रूढींप्रमाणे वागणारी व्यक्ती. धर्म हा त्यांच्या ओळखीचा पहिला भाग आहे आणि मकचिकच्या घरी त्यात कसलीही ढिलाई नव्हती. तरीही रोज्याला त्या पुआसाच म्हणतात, त्यांच्या आजीही म्हणायच्या. जुना शब्द टाकावा असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि त्यामुळे श्रद्धा कमी झाली असंही वाटलं नाही. हे मी वर्गात कसं शिकवलं असतं?

सगळंच असं जमून आलं, असं मी म्हणणार नाही. एका दुपारी गावाने आमच्यासाठी लुटुपुटीचं लग्न लावलं. एका मुलाला आणि एका मुलीला जरीचे कपडे घालून मखरात बसवलं, हळदीने पिवळे केलेले तांदूळ टाकले (अक्षताच त्या), डफासारखे कोंपांग वाजवले. तिथे नवरा-नवरीला एक दिवसाचे राजा-राणी मानतात, हे कळलं, फोटो छान आले. पण पाहुण्यांसाठी बसवलेला कार्यक्रम तो कार्यक्रमच. त्यातून मुलांच्या हाती फारसं काही लागलं नाही. कोची वळण्यात आणि पाटावर गळ टाकून बसण्यात जे मिळालं ते त्या दोन तासांत नव्हतं. संयोजकांना मी तसं स्पष्ट सांगितलं की पुढच्या वेळी हे नको, ती दुपार मोकळी सोडा.

तिसऱ्या रात्री नासी अंबेंगचं जेवण होतं. मोठ्या परातीत भात, भोवती भाज्या, परतलेल्या शेवया, कोंबडी, आणि एका परातीभोवती चार-पाच जणांनी बसून हातानेच जेवायचं, आपापल्या बाजूने. आमची निम्मी मुलं अडली. उष्टं-खरकटं आपल्या हाडात मुरलेलं असतं, त्यांचा दोष नाही. कुणी ताटली मागितली, त्यांना लगेच मिळाली. काही बसली. मीही बसले. पहिला घास घेताना मला जड गेलं, हे खरं सांगते. चौथ्या घासाला समोरच्या आजींनी त्यांच्या बाजूचा खरपूस बटाटा माझ्याकडे सरकवला, तेव्हा मला माझी आजी आठवली. ती एकाच थाळीत आम्हा चार नातवंडांना भरवायची.

त्याच रात्री जेवणानंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पांतुन म्हणून दाखवले. पांतुन म्हणजे चार ओळींचं लोककाव्य. पहिल्या दोन ओळींत झाड, फळ, होडी, नदी असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं आणि पुढच्या दोन ओळींत मनातलं. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. 2020 मध्ये युनेस्कोने पांतुनची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. त्यांनी म्हटलेल्या एकाचा अर्थ असा होता: सोन्याचं कर्ज फेडता येतं, ‘बुदी’चं कर्ज मरेपर्यंत बरोबर राहतं. बुदी म्हणजे आपली बुद्धी. तिकडे जाऊन तिचा अर्थ चांगुलपणा, उपकार असा झाला. चांगल्या वागणुकीला ते ‘बुदी बहासा’ म्हणतात, बुद्धी आणि भाषा.

आणि निघतानाची गोष्ट. आमचा एक मुलगा पकचिकच्या पाया पडायला वाकला. पकचिक दचकून मागे सरले आणि त्यांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं. माणसाने माणसापुढे असं वाकायचं नसतं, ते फक्त अल्लापुढे. मुलाचा चेहरा उतरला. आपण सर्वांत मोठा मान द्यायला गेलो आणि तोच चुकला, असं त्याला वाटलं. पकचिकना ते दिसलं असावं. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला आणि त्यांच्याकडची रीत करून दाखवली. मोठ्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा आणि वाकून नाक-कपाळ त्या हाताला टेकवायचं. मुलाने तसं केलं. मग बाकीचे सतरा जण रांगेने आले.

बसमध्ये त्या मुलाने मला विचारलं, ‘‘मॅडम, तुम्ही पुण्यात कुणा मुसलमानाच्या घरी कधी राहिलात?’’

मी अठ्ठावीस वर्षं पुण्यात आहे. कॅम्पात खरेदीला जाते, मोमिनपुऱ्यावरून रिक्षाने कितीदा गेले आहे. आमच्या महाविद्यालयात माझ्याच विभागात एक सहकारी बाई आहेत, ईदला डबा भरून शीरखुर्मा आणतात. तो डबा आम्ही स्टाफरूममध्ये संपवतो आणि धुऊन परत देतो. त्यांच्या कोंढव्याच्या घरचा उंबरा मी ओलांडलेला नव्हता. मुलाला तसं सांगितलं. परत आल्यावर मी गेले. त्या घरी आता माझं जाणं-येणं आहे. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास जाऊन मला दहा किलोमीटरवरचं घर सापडलं, आणि एवढी वर्षं का लागली याचं मला वाईट वाटतं.

हे पुण्याला नवं नाही. या शहरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. 1909 मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलं माधुकरी मागून शिकली. त्या वारांना जातीच्या भिंती होत्या, हे मला माहीत आहे आणि ते झाकायचं नाही. पण परक्या घरातलं पोर आपल्या पंगतीला बसवायचं, ही सवय पुण्याच्या अंगात होती. आषाढात पालख्या मुक्कामाला आल्या की नाना पेठेत, भवानी पेठेत अजूनही अनोळखी माणसाला घरात घेतात, पाय चेपून देतात. मग आपल्या मुलांना कुणी परदेशात चार रात्री घरात घेत असेल तर आपण का घाबरतो?

माझी पालकांना आणि सहली काढणाऱ्या महाविद्यालयांना विनंती आहे. गावातला मुक्काम ठेवा आणि तो तीन रात्रींपेक्षा कमी नको, कारण पहिला दिवस लाजण्यातच जातो. एका घरात दोन-तीनपेक्षा जास्त मुलं घालू नका, जास्त झाली की ती आपापसांत मराठीत बोलत बसतात. खाण्याचं पथ्य नुसतं ‘शाकाहारी’ असं कळवू नका. बेलाचान नको, सुकी मासळी नको, अंडं चालतं की नाही, असं एकेक लिहून द्या. निघण्याआधी मुलांना पन्नास मलय शब्द शिकवा. आमच्या मुलांना ‘तेरिमा कासी’ म्हणजे धन्यवाद एवढंच येत होतं आणि ते फार अपुरं पडलं. मुलींच्या सुरक्षिततेची काळजी मी समजू शकते. नोंदणी झालेली गावंच निवडा, शिक्षिका मुलींबरोबर त्याच गावात राहू द्या. आम्ही तसंच केलं होतं.

क्वालालंपूरचे जुळे मनोरे मुलं अर्ध्या दिवसात बघून होतात, ते जरूर दाखवा. थीम पार्क इमॅजिकामध्येही आहे.

आणि तिकडची मुलं इकडे आली तर त्यांना हॉटेलात ठेवू नये. माझ्या घरी एक खोली आहे. आमच्या सोसायटीत आणखी तीन घरांनी तयारी दाखवली आहे, त्यातलं एक शनिवार पेठेतल्या त्या मुलीच्या मामाचं. भांडी वेगळी लागली तर वेगळी घेऊ, नमाजाची दिशा आधीच बघून ठेवू.

पाचव्या दिवशी सकाळी आमच्या बॅगा बाहेर गेल्यावर मकचिकनी ती नवी कढई घासून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली. त्यांच्या मुलीने सांगितलं, ‘‘आई म्हणते, पुढच्या वर्षी तुमच्याकडून न खाणारी कुणी आली तर लागेल.’’

अंतिम वेळापत्रक ठरवायची सभा येत्या शनिवारी आहे.

आपली,
एक शिक्षिका
कोथरूड, पुणे
(नाव व महाविद्यालयाचे नाव छापू नये ही विनंती.)